मशालीमागचे हात



ऑलिंपिक सामन्यांचे वर्ष उजाडले म्हणजे वर्तमानपत्रांतून एक छायाचित्र हटकून छापून येते. ग्रीस देशातील ऑलिंपिया या गावी एका पडक्या देवळाचे खांब उभे आहेत. त्यांच्यापुढे पायघोळ वस्त्रे नेसलेल्या काही स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यातली मुख्य स्त्री एका वाडग्यासारख्या आरशापुढे वाकून सूर्याच्या किरणांवर मशाल पेटवीत आहे. छायाचित्राखाली बहुधा असा मजकूर असतो की, हजारो वर्षांची ही परंपरा यंदाही पाळली गेली. आजच्या विषयाला या ओळीपासूनच हात घालणे सोयीचे आहे. कारण ही ओळ खरी नाही.

ऑलिंपियात पेटवलेली ज्योत हातोहात धावत सामन्यांच्या गावी नेण्याची प्रथा १९३६ साली सुरू झाली. म्हणजे आपल्याकडच्या बोलपटापेक्षाही ती पाच वर्षांनी धाकटी आहे. आणि ज्या घरात तिचा जन्म झाला, ते घर काही फारसे अभिमान बाळगावा असे नव्हते. पण एवढे सांगून आणि टाळ्या घेऊन खाली बसण्यासाठी मी आलेलो नाही. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली, जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. कोणतीही वस्तू समोर आली म्हणजे ही कल्पना कोणाची, खर्च कोणाचा आणि ओझे वाहणारा कोण, असे तीन प्रश्न विचारण्याची आम्हा लोकांना खोडच असते. तेच तीन प्रश्न आज या मशालीला विचारून पाहू.

प्रथम प्राचीन काळाकडे वळू. ऑलिंपियाचे सामने इ. स. पूर्व ७७६ पासून भरत, असे परंपरेने मानतात. त्या सामन्यांत धावणे होते, कुस्ती होती, रथांच्या शर्यती होत्या. हेस्टिया ही ग्रीकांची चुलीची देवता, तिच्या वेदीवरचा अग्नी ऑलिंपियात रात्रंदिवस तेवत ठेवीत. सामन्यांपूर्वी शांततेची द्वाही फिरवणारे दूत गावोगाव जात. परंतु मशाल घेऊन कोणी धावत जात असल्याचा मागमूस तेथे नाही.

मशालीची शर्यत होती ती अथेन्स शहरात, आणि ती वेगळ्याच देवांसाठी होती. प्रॉमिथियस, हिफीस्टस आणि अथीना यांच्या उत्सवांत ती धावत. प्रॉमिथियस म्हणजे देवांकडचा अग्नी चोरून माणसांना देणारा. हिफीस्टस म्हणजे देवांच्या घरचा लोहार, पायाने अधू, पण हाताने अद्वितीय. अथीना ही विद्येची देवता खरी, पण विणकरांची आणि कुंभारांचीही तीच. तात्पर्य, ही शर्यत भट्टीपाशी आणि मागापाशी राबणाऱ्यांच्या देवांची होती. शहराबाहेरच्या अकादमी नावाच्या राईत प्रॉमिथियसची वेदी होती. तेथे मशाल पेटवून धावणारे कुंभारवाड्यातून शहरात येत. ॲरिस्टोफेनिस या नाटककाराच्या ‘बेडूक’ नावाच्या नाटकात गमतीचा उल्लेख आहे. मागे रेंगाळणारा स्थूल गडी वेशीपाशी आला की कुंभारवाड्याचे लोक त्याला चांगले धपाटे घालीत!

या शर्यतीचा नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. सगळ्यांत आधी पोचणारा जिंकला, एवढेच तेथे पुरत नसे. पोचताना मशाल पेटलेली पाहिजे. पहिल्या आलेल्याची विझली असेल तर मान दुसऱ्याकडे जाई, दुसऱ्याचीही विझली असेल तर तिसऱ्याकडे. फार जोरात धावले की वाऱ्याने ज्योत विझते, फार जपून धावले की दुसरा पुढे निघून जातो. काही वेळा ही शर्यत एकट्याची नसे. एकाने दुसऱ्याच्या हाती मशाल द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि यश आले तर ते सगळ्या तुकडीचे. या नियमाकडे आपल्याला शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

आता एकदम आधुनिक काळात येऊ. कुबर्तँ या फ्रेंच गृहस्थाच्या खटपटीने १८९६ साली अथेन्स येथे ऑलिंपिक सामने नव्याने सुरू झाले. त्यानंतर तीस वर्षे तेथे ज्योतही नव्हती आणि मशालही नव्हती. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे यान विल्स या वास्तुशिल्पज्ञाने क्रीडागाराला जोडून एक उंच मनोरा बांधला आणि सामने चालू असेपर्यंत त्यावर अग्नी तेवत ठेवण्याची योजना केली. तो पेटवला कोणी? राजाने नव्हे, मंत्र्याने नव्हे, नामांकित खेळाडूनेही नव्हे. शहराच्या वीजपुरवठा खात्याचा एक कर्मचारी वर गेला आणि नेमून दिलेले काम म्हणून त्याने तो पेटवला. आधुनिक ऑलिंपिकची पहिली ज्योत एका कामगाराने पेटवली, आणि समारंभाच्या वर्णनांत त्याचे नाव सापडत नाही. १९३२ साली लॉस एंजेलिसलाही अशीच ज्योत होती, पण ती कोठून धावत आणलेली नव्हती.

धावत आणण्याची कल्पना निघाली १९३६ च्या बर्लिन सामन्यांसाठी. कल्पना कार्ल डीम यांची. हे सामन्यांच्या संयोजन समितीचे चिटणीस आणि क्रीडेच्या इतिहासाचे जाणकार. अथेन्सच्या त्या जुन्या शर्यतीची त्यांना चांगली माहिती होती. अथेन्सची शर्यत, ऑलिंपियाचा अग्नी आणि बर्लिनचे क्रीडागार या तीन वेगवेगळ्या गोष्टी त्यांनी एका सूत्रात ओवल्या. जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता येऊन तीन वर्षे झाली होती. गोबेल्सच्या प्रचारखात्याने ही कल्पना उचलून धरली, कारण प्राचीन ग्रीसचे खरे वारस आपणच, हे नाझींना जगाला दाखवायचे होते.

सूर्यकिरण एकवटण्याचा आरसा झाइस या जर्मन कारखान्याने केला. मशालींच्या पोलादी मुठी क्रुपच्या कारखान्यात घडल्या. क्रुप म्हणजे तोफा ओतणारे प्रसिद्ध घराणे. पुढे महायुद्धात याच कारखान्यांतून परदेशांतून धरून आणलेल्या हजारो माणसांना सक्तीने राबवण्यात आले. २० जुलै १९३६ रोजी ऑलिंपियात ज्योत पेटली. कॉन्स्टँटिनोस कोंडिलिस हा ग्रीक तरुण ती घेऊन पहिला धावला. पुढे तीन हजारांवर धावपटूंनी बारा दिवस रात्रंदिवस धावून ती ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांतून जर्मनीत नेली. १ ऑगस्टला फ्रिट्झ शिल्गेन या धावपटूने बर्लिनच्या क्रीडागारातले कुंड पेटवले. तो त्या सामन्यांतला स्पर्धक नव्हता. त्याची धावण्याची ढब देखणी होती, म्हणून त्याची निवड झाली. लेनी रीफेनश्टाल या चित्रपट-दिग्दर्शिकेने सामन्यांवर मोठा बोलपट काढला. मशालीचे खरे चित्रण मनासारखे उतरले नाही तेव्हा तिने काही प्रसंग पुन्हा उभे करून घेतले. आज आपल्या डोळ्यांपुढे जी ‘प्राचीन’ मशाल येते तिच्यात त्या बोलपटाचा वाटा फार मोठा आहे.

आता त्याच आठवड्यात आणखी काय चालले होते तेही पाहा. १६ जुलैला बर्लिनमधल्या जिप्सी कुटुंबांना घरांतून उचलून शहराच्या कडेला मार्त्सान येथील छावणीत नेऊन टाकले. पाहुण्यांच्या नजरेला ती पडू नयेत, म्हणून! जर्मनीतल्या ज्यू खेळाडूंना सामन्यांची दारे जवळजवळ बंदच होती. आणि तिकडे स्पेनमध्ये बार्सिलोना शहरी १९ जुलैपासून ‘लोकांचे ऑलिंपिक’ भरायचे होते. बर्लिनच्या सामन्यांना उत्तर म्हणून कामगारांच्या क्रीडासंघटनांनी आणि लोकशाहीवादी मंडळींनी ते योजले होते, आणि सुमारे सहा हजार खेळाडूंनी नावे नोंदवली होती. कामगारांचे असे सामने नवे नव्हते. १९२५ साली फ्रँकफुर्टला आणि १९३१ साली व्हिएन्नाला ते थाटात पार पडले होते, आणि तेथे देशादेशांच्या ध्वजांऐवजी लाल बावटा लावीत. परंतु बार्सिलोनाचे सामने उघडण्याच्या आदल्याच दिवसांत फ्रँको आणि इतर सेनापतींनी बंड केले. खेळायला आलेल्या काहींनी तेथेच राहून बंदूक हाती घेतली. एका बाजूला ते सामने बुडाले, आणि दुसऱ्याच दिवशी ऑलिंपियात मशाल पेटली.

ती ज्या देशांतून धावत गेली त्या देशांचे पुढे काय झाले? ऑस्ट्रिया १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने गिळला. चेकोस्लोव्हाकियाचे त्या साली आणि पुढल्या साली लचके तोडले. युगोस्लाव्हिया आणि ग्रीस यांच्यावर १९४१ च्या एप्रिलमध्ये स्वारी झाली. बल्गेरिया आणि हंगेरी जर्मनीच्या दावणीला बांधले गेले. ज्या वाटेने मशाल वर गेली होती, जवळजवळ त्याच वाटेने पाच वर्षांत रणगाडे खाली आले. मशालीने ते आणले असे कोणी म्हणणार नाही. पण नुसत्या अग्नीने हेतू शुद्ध होत नाही, एवढे तरी यावरून कळते.

आपली माणसेही त्या वर्षी बर्लिनला होती. ध्यानचंदांच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले ते तेथेच. आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. याच सामन्यांत मॅरेथॉन शर्यत जिंकणारा तरुण कोरियाचा होता. त्याचे नाव सोन की-जुंग. पण कोरिया तेव्हा जपानच्या टाचेखाली होता. त्याला जपानी नावाने आणि जपानी ध्वजाखाली धावावे लागले. बक्षिसाच्या वेळी मान खाली घालून उभा असलेला हा विजेता छायाचित्रांत दिसतो. त्याचे नाव ध्यानात ठेवा.

मग असे जन्मलेले हे सोंग युद्धानंतर लोकांनी फेकून का दिले नाही? याचे उत्तर १९४८ साली मिळाले. लंडनचे सामने काटकसरीचे होते. इंग्लंडात अन्नधान्याचे रेशन चालू होते. ग्रीसमध्ये यादवी युद्ध पेटलेले होते, त्यामुळे तेथला मार्ग तोडून ज्योत जहाजाने इटलीला न्यावी लागली. ऑलिंपियात मशाल घेणारा पहिला माणूस डिमित्रेलिस नावाचा ग्रीक सैन्यातला कॉर्पोरल होता. तो गणवेशात आला. त्याने शस्त्र खाली ठेवले, अंगावरचा गणवेश उतरवला आणि साध्या धावपटूच्या वेशात मशाल हाती घेतली. ज्या देशात भाऊ भावाला मारीत होता तेथे हे घडले. मशाल तीच, विधी बहुतेक तोच. पण घेणाऱ्याने आधी हातातले काय खाली ठेवले, यावरून तिचा अर्थ बदलून गेला.

१९५२ साली हेल्सिंकीच्या क्रीडागारात मशाल घेऊन पावो नुर्मी धावत आला. हा फिनलंडचा सुताराचा मुलगा. बारा वर्षांचा असताना बाप गेला आणि शाळा सोडून पोराला चाकरी धरावी लागली. पुढे त्याने ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदके जिंकली. परंतु धावण्याबद्दल पैसे घेतले, असे म्हणून १९३२ साली त्याला सामन्यांतून बाहेर काढले. खेळावे ते निव्वळ हौसेसाठी, पैसा घेतला की माणूस बाटला, असा तो नियम होता. ज्यांच्या घरी जमीनजुमला होता त्यांनी तो केला होता. ज्याला दिवसाची मजुरी बुडवून सराव करावा लागतो, त्याच्यासाठी तो नियम म्हणजे दाराला लावलेली कडीच होती. वीस वर्षांनी त्याच माणसाच्या हाती मशाल देऊन त्याच्या देशाने जगापुढे आपला निवाडा दिला. लोक उभे राहिले ते उगीच नव्हे.

१९६४ साली टोकियोला कुंड पेटवणारा योशिनोरी साकाई हा एकोणीस वर्षांचा तरुण हिरोशिमा प्रांतात जन्मला होता, आणि त्याची जन्मतारीख होती ६ ऑगस्ट १९४५, म्हणजे अणुबाँब पडला तोच दिवस. त्या सालची ज्योत वाटेत नवी दिल्लीलाही आली होती. आणि १९८८ साली, सामने कोरियात सोलला भरले तेव्हा, क्रीडागारात मशाल घेऊन आनंदाने अक्षरशः उड्या मारीत शिरणारा शहात्तर वर्षांचा वृद्ध कोण होता? तोच सोन की-जुंग. १९३६ साली त्याला नाव आणि ध्वज नाकारणारी सत्ता नाहीशी झाली होती. त्याच सालच्या समारंभातून निघालेली मशाल मात्र बावन्न वर्षांनी, त्याच्या स्वतःच्या देशात, त्याच्या हातात आली.

ही सगळी व्यवस्था चालते कशी, हेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातही पुष्कळ शिकण्यासारखे आहे. ऑलिंपियात हेरा देवीच्या देवळाच्या अवशेषांपुढे अंतर्वक्र आरसा ठेवतात. त्याच्या पोटात पडलेले किरण एका बिंदूवर एकवटतात आणि तेथे धरलेली मशाल पेट घेते. पुजारिणीचे काम करणारी स्त्री नटी असते. रंगीत तालीम आधी होते आणि त्या वेळी पेटवलेली ज्योत राखून ठेवतात. १६ एप्रिल २०२४ रोजी ऐन समारंभाला आभाळ भरून आले, तेव्हा तीच राखीव ज्योत कामी आली. धावणाऱ्याच्या हातातली मशाल विझू शकते, आणि विझतेही. म्हणून मूळ ज्योतीवर पेटवलेले बंद दिवे मशालीबरोबरच्या मोटारीतून चालत असतात. त्यांच्यावरून ती पुन्हा लावतात.

आणि हे दिवे मुळात आले कोठून? खाणीतून. १९५२ साली ज्योत प्रथमच विमानाने न्यावयाची होती. विमानात उघडा जाळ कसा नेणार? तेव्हा खाणकामगाराचा दिवा वापरला. १८१५ साली हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणींसाठी असा दिवा शोधून काढला होता. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असते. जाळी उष्णता पसरवून टाकते, त्यामुळे बाहेरच्या स्फोटक वायूपर्यंत पेट पोचत नाही. जमिनीच्या पोटात माणसे जगावीत म्हणून जो दिवा निघाला, त्याच्या पोटात बसून ऑलिंपिकची ज्योत आकाशातून गेली.

आणखी एक बारकावा. जुन्या अथेन्समध्ये एकच मशाल हातातून हातात जाई. आधुनिक दौडींत पुष्कळदा प्रत्येक धावपटूला स्वतःची मशाल मिळत आली आहे. तिच्या पोटात वायूची लहानशी नळकांडी असते आणि ती काही मिनिटे पुरते. दोघे समोरासमोर येतात, एक मशाल दुसरीला टेकते आणि ज्योत पुढे जाते. मशाल ज्याची त्याच्यापाशी राहते, जाते ती फक्त आग. पूर्वीच्या मशाली मात्र जरा जहाल असत. १९५६ साली मेलबर्नला रॉन क्लार्क या धावपटूने कुंड पेटवले तेव्हा मशालीतल्या ठिणग्यांनी त्याचा हात पोळला. आमच्या मशाल मोर्च्यांत वेळूच्या काठीला चिंध्यांचा बोळा तारेने करकचून बांधतात आणि रॉकेलमध्ये भिजवतात. नवखा कार्यकर्ता ती तोंडासमोर धरतो आणि वारा फिरला की भुवया जाळून घेतो. मुरलेला माणूस वारा कोठला आहे ते पाहूनच मशाल हाती घेतो.

१९७६ साली माँट्रिअलच्या सामन्यांसाठी अथेन्समधल्या ज्योतीपासून विजेचा संदेश तयार करून उपग्रहामार्फत कॅनडाला पाठवला आणि तेथे लेसर किरणाने मशाल पेटवली. एवढे विज्ञान खर्ची पडले, पण थोड्याच दिवसांत पावसाच्या सरीने क्रीडागारातले कुंड विझले. तेथल्या एका कर्मचाऱ्याने खिशातला सिगारेटचा लायटर काढून ते पुन्हा पेटवून टाकले. संयोजकांची धांदल उडाली. त्यांनी ते विझवले आणि राखीव ‘खऱ्या’ ज्योतीवर पुन्हा लावले. लोक त्या माणसाला हसतात. मला तो ॲमस्टरडॅमच्या वीजवाल्याचा भाऊबंद वाटतो. दिवा विझलेला दिसला, त्याने लावला.

आता खर्चाचा प्रश्न. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या संयोजकांनी मशाल घेऊन धावण्याचा मान विकायला काढला. किलोमीटरला तीन हजार डॉलर असा दर ठेवला. पैसा मुलांच्या क्रीडासंस्थांना जाणार होता, हे खरे. पण ऑलिंपियाची माणसे चिडली. आमचा अग्नी विकाऊ नाही, असे म्हणून त्यांनी विरोध केला, आणि ग्रीसमधली दौड रद्द होऊन ज्योत हेलिकॉप्टरने उचलून न्यावी लागली. मुले उपाशी राहोत असे त्या ग्रीकांचे म्हणणे नव्हते. दान द्यायचे तर द्या, पण मान पैशावर मोजू नका, एवढेच ते सांगत होते. त्यानंतर मशालीपुढे जाहिरातींच्या मोटारी नित्याच्याच झाल्या.

आणि २००८ साली बीजिंगच्या सामन्यांची मशाल जगभर फिरवली, तेव्हा तिबेटच्या प्रश्नावरून लंडन-पॅरिसला निदर्शने झाली. पॅरिसमध्ये ती अनेकदा विझवून मोटारीत घालावी लागली. १७ एप्रिलला ती दिल्लीत आली. मार्ग कापून जेमतेम अडीच किलोमीटरांचा केला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांऐवजी पोलीस उभे होते. आपल्या फुटबॉल संघाचा कर्णधार बायचुंग भुतिया याने तिबेटी लोकांबद्दलच्या सहानुभूतीने ती हाती घेण्यास नकार दिला होता. मशाल न घेणे हेही कधी कधी मशालीबद्दल बोलणेच असते. पुढल्याच वर्षी, २००९ साली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ठरवले की ग्रीसनंतर ही दौड यजमान देशातच व्हावी. लोकांपासून मशाल वाचवण्याची पाळी आली, म्हणजे मशालीचे काहीतरी चुकलेले असते.

येथून दिल्लीतच थांबू, कारण आशियाई सामन्यांची मशालही याच शहरातून निघाली. मार्च १९५१ मध्ये पहिले आशियाई सामने दिल्लीला भरले. लाल किल्ल्यात सूर्यकिरणांवर ज्योत पेटवली आणि १९२४ चे ऑलिंपिकपटू दलीपसिंग ती घेऊन क्रीडागारात आले. स्वतंत्र होऊन चार वर्षेही न झालेल्या देशाने बर्लिनचाच विधी घेतला, पण नुकत्याच मोकळ्या झालेल्या किंवा होऊ घातलेल्या आशियातल्या देशांना एकत्र बोलावण्यासाठी घेतला.

१९८२ साली आशियाई सामने पुन्हा दिल्लीला भरले. त्या मशालदौडीत खाशाबा जाधव धावले. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे हे पैलवान. १९५२ साली हेल्सिंकीला, जेथे नुर्मीने मशाल आणली तेथेच, त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सरकारदरबारी त्यांची कदर फार उशिरा झाली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते वारल्यावर पुष्कळ वर्षांनी. जिवंतपणी त्यांच्या वाट्याला जे थोडे मान आले त्यांत ही मशाल होती.

पण त्या मशालीखालची एक गोष्ट क्रीडेच्या पुस्तकांत सापडत नाही, ती कायद्याच्या पुस्तकांत आहे. त्या सामन्यांसाठी क्रीडागारे, रस्ते, पूल बांधायला खेड्यापाड्यांतून मजूर आणले होते. किमान वेतन ठरले होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. मुकादम त्यातला एक रुपया आपली दस्तुरी म्हणून कापून घेई आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. लोकांच्या लोकशाही हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवती यांना एक पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले आणि सामने सुरू होण्यापूर्वी दोन महिने, १८ सप्टेंबर १९८२ रोजी, निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणसाला राबवणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली सक्तीची मजुरी होय, असे त्या निकालाने सांगितले. पोटाची भूक हीही सक्तीच आहे. साध्या मराठीत त्याला वेठ म्हणतात. आज देशातल्या कोणत्याही कंत्राटी मजुराच्या बाजूने उभे राहताना आम्ही जो निकाल पुढे ठेवतो, तो त्या एका रुपयातून निघालेला आहे. क्रीडागारातली ज्योत सोळा दिवसांत विझली. हा निकाल अजून उजेड देतो आहे.

आपल्याकडे हातोहात अग्नी नेण्याची चाल परक्यांकडून शिकण्याची फारशी गरज नव्हती. घटस्थापनेच्या सुमारास तुळजापूरच्या रस्त्याने जा. गावोगावची तरुण मुले देवीच्या दारी ज्योत पेटवून अनवाणी पायांनी गावाकडे धावत निघालेली दिसतील. शिवजयंतीला शिवनेरीहून, रायगडाहून, पन्हाळ्याहून शिवज्योत निघते. एक दमला की दुसरा घेतो, मागून टेम्पो चालतो, वाटेत कोणी चहा देतो, कोणी पायाला तेल लावतो. कोण किती धावले याची नोंद कोणी ठेवीत नाही. अलीकडे त्या टेम्पोवर ज्योतीपेक्षा पुढाऱ्याचा फलक मोठा असतो. आपल्या भाषेत ‘टेंभा मिरवणे’ असा एक वाक्प्रचार आहे. टेंभा म्हणजे मोठी मशाल. ती वाट दाखवण्यासाठी धरली तर मशाल, स्वतःचे तोंड दिसावे म्हणून धरली तर टेंभा. बर्लिनपासून आपल्या गल्लीपर्यंत हा फरक लागू पडतो.

२०२४ साली पॅरिसला शंभर वर्षांचे शार्ल कोस्त चाकांच्या खुर्चीत बसून मशाल धरून होते. १९४८ साली, म्हणजे त्या कॉर्पोरलने शस्त्र खाली ठेवले त्याच वर्षी, लंडनला सायकल शर्यतीत सुवर्णपदक जिंकलेले हे गृहस्थ. त्यांनी ज्योत मारी-जोझे पेरेक आणि टेडी रिनेर यांच्याकडे दिली आणि त्या दोघांनी कुंड लावले. त्या कुंडात जाळ नव्हताच. विजेचे दिवे आणि पाण्याची वाफ यांचा तो भास होता आणि तो उभा करण्यात फ्रान्सच्या वीज कंपनीचे तंत्रज्ञ राबले होते. खरी ज्योत जवळच एका कंदिलात ठेवली होती. शहाण्णव वर्षांनी काम पुन्हा वीजवाल्यांकडे आले!

तेव्हा माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे अशी. कल्पना एका विद्वानाची, आणि ती वापरली एका जुलमी सत्तेने. खर्च कधी सरकारचा, कधी व्यापाऱ्याचा, आणि कित्येकदा नकळत मजुराचा. पण वाहणारे हात हजारो, आणि त्या हातांनीच तिला वेळोवेळी बरा अर्थ दिला. परंपरा जुनी आहे म्हणून तिच्यापुढे मान तुकवू नये. ती नवी आहे, वाईट घरची आहे, म्हणून टाकूनही देऊ नये. ती आज कोणाच्या हातात आहे आणि तिच्या उजेडात कोण दिसत नाही, ते पाहावे.

अथेन्सच्या त्या नियमाकडे येऊन संपवतो. संघटनेचे काम करताना मला तो रोज आठवतो. वेग पाहिजे, नाहीतर काळ पुढे निघून जातो. पण धावण्याच्या भरात ज्योत विझली, तर पहिले पोचूनही उपयोग नाही. आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही पावलेच असतात. ती संपली की पुढच्याकडे द्यावी. धरून बसू नये. पुढचा माणूस वेळीच तयार ठेवणे, हे धावण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि आपल्या गावच्या कितीतरी चांगल्या संस्था तेवढ्या एका कामावाचून विझल्या आहेत.